सबख्यातले सात खड्डे

माझे बावा गलबतावर खलाशी होते. आमच्यात वडिलांना बावा म्हणतात. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढलेलं असे आणि बावा घरी. म्हणजे चार महिने खाणारं एक तोंड जास्त आणि आणणारे हात कोणाचेच नाहीत. मग आई कोयता घेऊन खडकावर कालवं काढायला जायची. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ती विकून घरात तांदूळ यायचे. तांदूळ कमी असले की पेज व्हायची, आणि पेज कमी पडली की आई म्हणायची, मला आज भूक नाही.

अशा घरातून मी इंजिनिअर झालो. आमच्या मोहल्ल्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. रत्नागिरी सोडून पुण्याला, तिथून सिव्हिलची डिग्री. हे मी अभिमानानं सांगतो आणि पुढेही सांगणार आहे. त्या अभिमानानं एकदा मला कसं तोंडावर पाडलं, तेही सांगतो.

एकोणीसशे साठच्या दशकाची मधली वर्षं. आज ज्याला युएई म्हणतात तो देश तेव्हा झालेला नव्हता. किनाऱ्यावर एकेका शेखचं एकेक राज्य होतं, आणि एका राज्यातून दुसऱ्यात जायला रस्ता नव्हता. दुबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी ओहोटी बघून समुद्राच्या काठच्या ओल्या, घट्ट वाळूवरून जायची. भरती आली की गाडी वर काढायची आणि पाणी उतरेपर्यंत चहा प्यायचा. कित्येकांनी गाडी वर काढली नाही. अशा दोन-तीन लॉऱ्यांचे टप मी वाळूतून वर आलेले पाहिले आहेत.

आता या राज्यांना जोडणारा डांबरी रस्ता होत होता. शारजापर्यंत काम झालं होतं, पुढचा तुकडा आमच्या कंपनीकडे होता. मी साइट इंजिनिअर. वय पंचवीस, प्रोबेशनवर. म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर मुंबईची बोट.

माझ्या वाट्याला सहा मैल आले, आणि नेमके सबख्यातले. सबखा म्हणजे खाडीलगतची खारट सपाट जमीन. वरून पापडासारखा कडक थर, आत ओला चिखल. तिथलं खारं पाणी जमिनीतून वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. ते डांबराखाली पोचलं की मिठाचे खडे होतात, डांबर फुगतं आणि दोन वर्षांत रस्त्याची खारी बिस्किटं होतात. म्हणून आधी ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे खणायचे, पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि त्यावरून रस्त्याखालचा भराव किती उंच घालायचा ते ठरवायचं.

मी तीन दिवसांत सात खड्डे खणून घेतले. सगळीकडे पाणी चार फुटांवर. सातही आकडे असे सारखे आले की मला माझंच कौतुक वाटलं. रिपोर्ट टाइप केला: दोन फुटांचा भराव पुरेसा आहे; डांबर पाण्यापासून सहा फूट वर राहील, तिथवर खार चढत नाही. खाली सही. सहीखाली डिग्री.

आमचे रेसिडेंट इंजिनिअर, म्हणजे साइटवरचे मुख्य, मिस्टर हार्पर. इंग्रज, उंच, शब्दाचे कंजूष. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "गुड." त्यांच्या तोंडून 'गुड' ऐकायला माणसं वर्षवर्ष थांबायची. मी रिपोर्टची कार्बन कॉपी घरी पाठवली. बावांना मराठीही वाचता येत नव्हतं, रिपोर्ट इंग्रजीत होता. तरी पाठवली.

रिपोर्ट मंजूर झाला. शनिवारपासून भरावाचे ट्रक सुरू होणार होते.

आमच्या कॅम्पचा स्वयंपाकी हुसेनचाचा. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचा, वीस वर्षं गलबतावर भंडारी, म्हणजे तिथलाही स्वयंपाकी, मग इथे. चारचौघांत मला 'साहेब' म्हणायचा, पण असं म्हणायचा की 'अरे पोरा' परवडलं असतं. बुधवारी तो जेवणाच्या गाडीतून साइटवर आला. भाताचं पातेलं उतरवलं, एका खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला,

"साहेब, ही विहीर कधी खणली?"

"विहीर नाही चाचा, ट्रायल पिट. गेल्या आठवड्यात."

"चांद कितवा होता?"

"काय माहीत! मी तारीख लिहिली आहे ना."

चाचा बोटांच्या पेरांवर चंद्राची तारीख मोजायला लागला. "सहावा, सातवा, आठवा चांद. वा! भांगात खणलेस की रे."

दर्यावर पोट असणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मोठी भरती येते, ते उधाण. मधल्या सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भरती अगदी लहान असते, तो भांग.

"चाचा, ही जमीन आहे. समुद्र दोन मैल लांब आहे."

"आणि ती कोण?" त्यानं हातातला डाव लांब रोखला. तीनेकशे यार्डांवर खाडीचा फाटा चमकत होता.

"भरतीचा आणि जमिनीतल्या पाण्याचा काय संबंध? हे सॉइल मेकॅनिक्स आहे. शिकावं लागतं."

"असंल बाबा. आम्ही काय, डाळ-भातवाले." त्यानं माझ्या ताटात भात वाढला. मग हळूच म्हणाला, "तुझी आई कालवांना कधी जायची रे? भांगात की उधाणाला?"

उधाणाला. त्या दिवसांत ओहोटीही मोठी असते, खालचे खडक उघडे पडतात. हे मला चौथ्या वर्षी माहीत होतं. पंचविसाव्या वर्षी डिग्रीखाली दबलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंधरावा चांद होता आणि तिसऱ्या दिवशी सोळावा. शुक्रवारी सुट्टी, कॅम्प झोपलेला. मी पट्टी घेऊन पहिल्या खड्ड्यावर गेलो. चाचा मागोमाग आला, थर्मास घेऊन. बालदी पालथी घालून बसला.

सकाळी आठला पाणी साडेतीन फुटांवर. दहाला तीन. बाराला अडीच. दुपारी दीडला मी पट्टी टाकली, पुसली आणि पुन्हा टाकली.

"किती?" चाचानं विचारलं.

"दोन."

"आणि भराव किती घालणार होतास?"

"दोन."

"म्हणजे रस्ता दोन फूट वर, पाणीही दोन फूट वर, दोघं बरोबरीत. चांगलं आहे. रस्त्यावरच मच्छी पकडू."

"चाचा, चेष्टा पुरे. ही नोकरी गेली माझी."

"जाऊ दे की. घरी जाऊन कालवं काढ. आता दिवस तरी बरोबर निवडशील."

मी सातही खड्डे मोजले. सगळीकडे तेच. परत येताना मनात एक विचार आला, तो लपवत नाही. गप्प बसलो तर रस्ता होईल, मी कायम होईन, डांबर फुगेपर्यंत दोन वर्षं जातील आणि लोक उन्हाला दोष देतील. पण सहीखाली डिग्री माझी होती. रस्ता दोन वर्षांनी फुटला तरी सही माझीच.

संध्याकाळी हार्परसाहेबांच्या केबिनवर गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून कागद वाचला.

"मूनचं तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही?"

"नाही सर."

"माझ्याही नाही. मग कोणी सांगितलं?"

"द कुक, सर."

त्यांनी पाइप तोंडातून काढला. मला वाटलं, आता बोटीचं तिकीट. ते म्हणाले, "कुकला बोलव."

चाचा हात पुसत आला. मी मध्ये उभा राहून दुभाषा. साहेबांनी विचारलं, पाणी सर्वांत वर कधी असेल? चाचा म्हणाला, उद्या-परवा, आणि उत्तरेचा वारा सुटला तर आणखी वर. साहेबांनी विचारलं, तू इंजिनिअर आहेस का? मी भाषांतर केलं. चाचा म्हणाला, "त्यांना सांग, मी नाही. त्यामुळे मला दिसलं."

हे मी जसंच्या तसं सांगितलं नाही. मी म्हणालो, "ही सेज नो, सर."

साहेबांनी शनिवारचे ट्रक थांबवले. वरच्या ऑफिसला स्वतः पत्र लिहिलं, त्यात चूक 'आमची' म्हणून लिहिली. मला शिक्षा दिली: महिनाभर रोज, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, दर तासाला जीपनं फिरून सातही खड्डे मोजायचे. सोबत कुक. स्वयंपाक कोण करणार, असं मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "यू. बिफोर सनराइज."

त्या महिन्यात माझ्या हातचं जेवून कॅम्पमधल्या बारा माणसांनी तक्रार केली. चाचा खड्ड्याच्या काठावर बसून मला डाळीची फोडणी शिकवायचा, आणि मी शिकलो नाही की म्हणायचा, "राहू दे, यासाठी वेगळी डिग्री लागते."

भराव साडेचार फुटांचा ठरला. तळाला जाड दगडांचा थर, म्हणजे पाणी वातीसारखं वर चढू नये. काम चार महिने लांबलं. माझं प्रोबेशनही तेवढंच लांबलं, मग कायम झालो.

यातून मी एक नियम घेतला आणि पुढे तीस वर्षं माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला लावला: किनाऱ्याजवळ पाण्याची पातळी लिहिताना इंग्रजी तारखेच्या शेजारी चांद लिहायचा. आणि आकडे फारच सारखे आले तर खूश व्हायच्या आधी स्वयंपाक्याला विचारायचं.

रस्ता पुढच्या राज्यापर्यंत पोचला, नंतर त्याच्याही पुढे गेला. ओहोटीची वाट बघत अर्धा दिवस जायचा, तिथे गाडीला पाऊण तास लागू लागला. सबख्यातले सहा मैल मी असेपर्यंत एकदाही फुगले नाहीत.