देवी टोचणाऱ्याचं गाऱ्हाणं

सरकारी नोकरीतून बडतर्फ झाल्यावर तीन वर्षं मी रोज देवळात जात होतो आणि रोज तसाच परत येत होतो. देव आहे की नाही, ही शंका मला कधी आली नाही. त्याने माझं का ऐकावं, एवढंच कळत नव्हतं.

मी देवी टोचणारा होतो. लशीची पेटी घेऊन मिठबावच्या आसपासच्या वाड्या पायी फिरायचो. एका चैत्रात खाडीपलीकडच्या मच्छीमारांच्या वाडीत जायचं होतं. होडीवाला कुठे दिसेना, ऊन रणरणत होतं, अंगात कणकण होती. मी अलीकडच्या काठावर सावलीत बसलो आणि जन्माच्या यादीवरून वाडीतल्या सगळ्या मुलांची नावं वहीत उतरवली. प्रत्येक नावापुढे ‘टोचले’ असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात जाईन, असं मनाशी म्हटलं होतं. गेलो नाही.

दोन वर्षांनी त्या वाडीत देवी आल्या. तीन वर्षांची एक मुलगी गेली, एका मुलाची दृष्टी गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मुलांचे दंड उघडून पाहिले. टोचल्याचा वण एकाही दंडावर नव्हता. मला त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही.

घरी बसलो. बायको सुंभ वळायची, मी शेजारी बसून काथ्या विंचरून द्यायचो. खारेपाटणला एका डॉक्टरांना कंपाउंडर हवा होता, म्हणून गेलो. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, “तुमच्या हातचं औषध मी कुणाला देऊ?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. रुग्णांची सेवा सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, आणि तीच मी विटाळली होती.

शेवटी ग्रामदेवी सातेरीला कौल लावला; पाकळी उजवीकडून सुटली तर होकार, डावीकडून सुटली तर नकार. गुरवाने माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं, की याची नोकरी गेली, ती पुन्हा मिळू दे. का गेली, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी ना उजवीकडून सुटली, ना डावीकडून. पुन्हा लावून पाहिलं, तरी तसंच. गुरव खाली मान घालून म्हणाला, “गाराण्यात कायतरी रवलाहा.” काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी उठलो आणि त्यानंतर देवळाची पायरी चढलो नाही.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मासे विकणारी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, “तूच मां तो टोचणारो?”

मी होय म्हटलं.

“माजी नात गेली, त्या साथीत.”

मला वाटलं, आता शिव्या देईल. मी वाट पाहत उभा राहिलो. पण ती सांगू लागली, की खाडीवरच्या मोठ्या गावात पुन्हा देवीची साथ आलीय, नवे डॉक्टर लस घेऊन आलेत आणि लोक पोरं लपवून ठेवताहेत. “म्हणतत, त्या वाडयेत सगळ्यांका टोचलला, तरी देवी इल्यो. मगे कित्याक टोचूचा? मी सांगतंय, टोचूक कोण इलोच नाय. चौकशीत काय निगाला ता हय कोणाक ठावक नाय, वहीत लेखी आसा म्हणतत. माज्या तोंडाक कोण इचारता? तू येवन सांग.”

मी तिच्या मागून निघालो.

गावच्या चावडीपुढे लोक जमले होते. मी म्हटलं, “त्या वाडयेत मी गेलंयच नाय. वहीत लिवलंय ता खोटा. ज्यांका देवी इल्यो, त्यांका कोणीच टोचलला नाय.” कुणीतरी थुंकलं. एक माणूस अंगावर धावून आला. म्हातारी मध्ये उभी राहिली. “आदी पोरांक टोचून घेवा,” ती म्हणाली, “मगे ह्येका काय ता मारा.”

थोड्या वेळाने एक बाई मुलीला कडेवर घेऊन पुढे आली. मग दुसरी. मुलांचे दंड धरायला डॉक्टरांना माणूस हवा होता, तो मी झालो. दिवस मावळेपर्यंत मी दंड धरत होतो.

पेटी आवरताना डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला परत टोचणीच्या कामावर घेणं माझ्या हातात नाही. पण आजाऱ्यांच्या मांडवात रोजंदारीवर माणूस लागेल. लोक तुम्हाला बोलतील.”

“बोलू देत,” मी म्हटलं.

साथ ओसरल्यावर त्यांनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. जखमा धुणं, चादरी उकळणं, पाणी पाजणं, हे काम मी पुढे बरीच वर्षं केलं. वही माझ्या हाती पुन्हा कुणी दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

त्या बाईला माझ्या दारात कुणी पाठवलं, याचा उलगडा मी करत बसत नाही. नोकरीसाठी मी देवाला इतकी वर्षं विनवलं, पण स्वतःला राखून ठेवूनच. त्या दिवशी राखायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने मला पदरात घेतलं, एवढं मला समजतं. गेलेली मुलगी मात्र कुठल्याच कृपेने परत आली नाही. तिच्यासाठी रोज हात जोडतो.

म्हातारीला मी एकदा धीर करून विचारलं होतं, की मला क्षमा केलीस का.

“नाय केलंय,” ती म्हणाली. “तू काम कर.”