समोरच्याला दिसणारा आकडा

कुठलाही मीटर हातात घेतला की तात्या आधी तो उलटा फिरवायचे. पडदा माझ्याकडे, पाठ त्यांच्याकडे. "ताई, तितनं आकडा दिसतोय का?" किंमत, हमी वगैरे सगळं नंतर.

पण ही सवय उशिराची. बारामतीत एमआयडीसी रस्त्याला माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि तात्या भवानीनगरला पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून दुरुस्त करायचे. मोटार चालू करून देणारा कंडेन्सर चांगला की मेलेला, हे ते कानाने ओळखत. क्षणभर वीज द्यायची, मग दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. 'चट्' झालं की निकाल. मी रागवायचे, "तात्या, एक दिवस हात भाजून घ्याल." ते म्हणायचे, "आवाज खोटं बोलत न्हाय."

म्हणून त्यांनी कंडेन्सर मोजायचा मीटर मागितला तेव्हा मला हसू आलं. "काय तात्या, कान विकायला काढले का?"

ते हसले नाहीत. पिशवीतून एक कंडेन्सर काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. पळसदेवच्या एका शेतकऱ्याला त्यांनी तो 'चांगला हाय' म्हणून परत दिला होता. मोटार नुसती गुरगुरत राहिली आणि जळाली. काकडीचा प्लॉट ऐन तोड्यात सुकला.

"त्यो एक शबुद बोलला न्हाय, ताई. मला कमी ऐकू येतंय, ह्ये मलाच म्हाईत न्हवतं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली.

मग दुपारभर आम्ही मीटर निवडत बसलो. पहिला स्वस्त आणि देखणा, पण वीस मायक्रोफॅरडलाच त्याचा दम संपायचा. पंपाचे कंडेन्सर शंभराच्या पुढचे. दुसऱ्याचा पल्ला मोठा होता, पण त्या घातकी कंडेन्सरला त्याने नव्याएवढा आकडा दिला. "ह्यो बी माझ्यावानीच चुकतोय," म्हणत तात्यांनी तो बाजूला सारला. तिसरा जाडजूड, अगदीच कुरूप. पण त्या कंडेन्सरला त्याने निम्मासुद्धा आकडा दिला नाही, मेलेला तो मेलेलाच दाखवला.

तात्यांनी तो माझ्याकडे फिरवला. आकडे मोठे होते, लांबूनही दिसत होते.

"घिऊन टाकतो. ज्याचं त्यानं बघावं. माझ्या शबदावर आता कुनी मोटार चालू करायची न्हाय."

त्यानंतर ते कंडेन्सर लावायचे आणि पडदा गिऱ्हाइकाकडे धरायचे. स्वतः काही बोलायचे नाहीत. बडबड्या माणसाचं ते गप्प राहणं मला बघवायचं नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. भवानीनगरचं दुकान आता त्यांची सून बघते. महिनाभराने मी तिला भेटायला गेले, तर एक माणूस कंडेन्सर घेऊन आला. "पळसदेवचे. मोटार जळाली होती, तेच," ती माझ्या कानाशी म्हणाली. तिने मीटर लावला, पडदा त्याच्यासमोर धरला. आकडा अगदी बरोबर होता.

त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते ऱ्हाऊ द्या, वहिनी. तात्यांना बोलवा. त्यांनी व्हय म्हनल्याबिगर मी मोटार चालू करत न्हाय."

सून मीटरच्या वायरी गुंडाळू लागली. तात्या गेल्याचं त्याला मलाच सांगावं लागलं.