ताईच्या स्टोव्हमधलं पेट्रोल

माझ्या भावोजींनी माझ्या बहिणीला जाळलं, असं आमच्या लालबागच्या चाळीत आजही समजतात. ताई त्यातून वाचली, पुढे बरीच वर्षं संसार केला, आणि मागे कधीतरी झोपेतच गेली. तरी तो समज गेला नाही. आता भावोजींचं उजवं अंग लुळं पडलं आहे, त्यांना एकट्याने राहता येत नाही. त्यांची एकुलती मुलगी नायगावला असते. ती म्हणाली, "आईला जाळणाऱ्या माणसाला मी घरात घेणार नाही." तेव्हा मला गप्प राहायची सोय उरली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी ताईकडे राहून परळच्या एका गॅरेजात काम शिकत होतो. महायुद्धानंतर भंगारात निघालेली एक लष्करी मोटारसायकल मी उचलून आणली होती. सुट्टीच्या दिवशी शिवडीच्या चिखलात ती पळवायची, हा माझा एकच शौक. पण तिचा कार्बोरेटर गळायचा. जिन्याखाली ती उभी असे आणि तिच्याखाली पेट्रोलचं थारोळं. तळमजल्यावरचे काका ओरडायचे, "अरे, तुझं घोडं दिवसभर मुततंय! त्याला जरा संडासापर्यंत तरी ने!"

मग गोळीबार झाले. गिरण्या बंद, रस्त्यांवर टायर जळताहेत, पोलीस चाळीत शिरून तरुण पोरं उचलताहेत. नुसता पेट्रोलचा वास आला तरी जाळपोळीचा संशय घेत. भावोजी वैतागले. "ही ब्याद इथून हलव, नाहीतर मी गटारात ढकलतो!" ताई मधे पडली, "माझ्या भावावर कशाला डाफरता?" मग दोघांचंच जुंपलं. भावोजींचा आवाज मुळात मोठा. सगळ्या चाळीने कान देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंदच होतं. आज गळती काढायचीच, असं मी ठरवलं. टाकीखालची पेट्रोलची तोटी नीट बंद होत नसे, त्यामुळे आधी टाकी रिकामी करणं भाग होतं. पंप बंद होते, पेट्रोल गटारात ओतायला जीव होईना. मोरीशेजारी ताईच्या घासलेटच्या बाटल्या असत. त्यातली एक रिकामी होती. ती खाली नेऊन भरली आणि आणून होती तिथेच ठेवली. ताईला सांगायचं मनात होतं.

कार्बोरेटरमध्ये पितळेचा पोकळ फ्लोट असतो. पेट्रोलवर तरंगत तो वर आला की सुई वर जाते आणि पेट्रोलची वाट बंद होते. माझा फ्लोट कानाशी हलवला तर आत खळखळलं. बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं होतं. तो तरंगेना, म्हणून वाट बंद होईना. ताईच्या स्टोव्हवर पाणी उकळलं, पातेलं गॅलरीत नेलं आणि फ्लोट त्यात बुडवून धरला. आगीपाशी पेट्रोल नेऊ नये एवढी अक्कल मला होती, हेच आज मनाला जास्त लागतं. भोकातून बुडबुडे आले. ताई दारातून म्हणाली, "काय रे, अंडं उकडतोस की काय? मला पण ठेव अर्धं." बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो. मग स्टोव्हवर डाग द्यायचं तांबं तापवून कथलाच्या थेंबाने भोक बुजवलं. तेवढ्यात स्टोव्ह फुरफुरून विझला. घासलेट संपलं होतं. मी ते बघितलं, आणि फ्लोट घेऊन खाली पळालो.

फ्लोट बसवला, टाकीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल सोडून पाहिलं. थेंब नाही. पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होतो. कोरडं. काकांना हाक मारणार होतो, बघा म्हणून. वरून ताईची किंकाळी आली.

चहा टाकायला तिने स्टोव्ह भरला होता.

भावोजी खोलीतच होते. त्यांनी गोधडी टाकून तिला दाबून धरलं, त्यांचेही तळवे भाजले. ताईचे हात, गळा, हनुवटी भाजून निघाली. इस्पितळात पोलिसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "स्टोव्ह भडकला." भावोजींनी मला व्हरांड्यात ओढलं. "पेट्रोल हा शब्द तोंडातून काढू नको. जाळपोळीत घालतील तुला. समजलं ना?"

समजलं. चाळीलाही आपल्या परीने समजलं. आदल्या रात्रीचं भांडण, खोलीत दोघंच, आणि भाजलेले तळवे. नळावर बायका म्हणायच्या, "स्टोव्ह बरा बाई, नेमका बायकोच्याच अंगावर येतो." गणपतीच्या आरतीला भावोजींच्या हातात कुणी ताट देईना. भाची मोठी झाली ती हेच ऐकत. तिने आईला विचारलं, तर ताई म्हणे, "स्टोव्हच होता गो." नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या सगळ्याच बायका असं म्हणतात, हे पोरीला नळावरच शिकवलं गेलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं, पेढे वाटले. आता मला कुणी आत टाकणार नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं. मोटारसायकल तेवढी विकली. पुढे माझं लग्न झालं, स्वतःचं गॅरेज झालं. पोलिसांची भीती गेली आणि तिच्या जागी लाज येऊन बसली. भावोजींनी एकदाही विषय काढला नाही. त्यांना मान्य आहे, असं मी धरून चाललो.

परवा नायगावला जाऊन भाचीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि आईलाही?"

"तिलाही."

"आणि तू दर भाऊबीजेला यायचास, मामा. आईच्या त्या हातांनी ओवाळून घ्यायचास."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"उद्या मी बाबांना घेऊन येते. त्यांच्याशी काय बोलायचं ते माझं मी बघेन. तू मात्र इथे येऊ नकोस."

तिने त्यांना नेलं, असं तळमजल्यावरच्यांकडून कळलं. टॅक्सीत बसवताना भावोजींनी माझी चौकशी केली म्हणे. मी नायगावला गेलेलो नाही.