भरिताच्या धुरातलं पिल्लू

रावेरकडच्या केळीपट्ट्यात थंडी पडली की दुपारसुद्धा अर्धवट झोपेत असते. सकाळचं धुकं केळीच्या पानांवरून पुरतं उतरलेलं नसतं, तोच त्यात वांगी भाजल्याचा धूर मिसळतो आणि सगळं गाव स्वप्नात असल्यासारखं दिसू लागतं. या दिवसांत झिपरूनानांचा भाव फार वधारलेला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजावीत आणि लाकडी भांड्यात दांडक्याने ठेचावीत ती नानांनीच. त्या दांडक्याला बायकोने हात लावलेलाही त्यांना खपत नसे. आता एवढा तोरा बरा नव्हे, पण भरीत खाल्ल्यावर बोलणार कोण?

यंदा मात्र नानांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धुळ्याला दिलेली लेक मोनाली हायवेच्या कडेला सापडलेलं कुत्र्याचं एक पिल्लू आणून ठेवून गेली होती. ती सासरी गेल्यापासून घर खायला उठायचं, आणि नानांना हे पिल्लू मनापासून हवं होतं. पण ते बाजेखालून हलेना. नाना दिसले की अंग चोरायचं, झोपलं तरी एक डोळा त्यांच्यावर ठेवायचं.

नानांच्या पत्नी सुनंदाबाईंनी शेवटी निकाल दिला. "रविवारी भरिताले हितेंद्र येईन, त्याच्यासंगं वावरात धाडून देऊ. इथं त्याचा जीव रमत नाही." हितेंद्र म्हणजे पुतण्या, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. नाना हो म्हणाले खरे, पण त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी अंगणात पंगत जमली, जाळ पेटला. नानांनी भाजलेल्या वांग्याचा गर डाव्या हातावर घेतला आणि बाजेपाशी वाकून लाडाने हाक मारली, "ये रे लेका, ये." पिल्लू थरथरत भिंतीला चिकटलं.

"अहो, उजव्या हातात काय हाये ते पहा ना," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्याले तुमचं भ्याव नाही, दांडक्याचं हाये."

नानांनी उजव्या हाताकडे पाहिलं. भरिताचे दिवस सुरू झाल्यापासून ते दांडकं हातातून सुटलंच नव्हतं, आणि ते हातात आहे हेही त्यांच्या गावी नव्हतं. ते गपचूप उठले, दांडकं हितेंद्रच्या हातात दिलं. "घे, आज तूच ठेच." पंगत हसली. नाना बाजेशेजारी जमिनीवर बसले, मोकळा झालेला उजवा हात पसरून, दुसरीकडेच बघत. मागे हितेंद्रचे घाव वेडेवाकडे पडत होते, एकेक घाव नानांच्या काळजावर. पण ते वळले नाहीत. धूर अंगणभर रेंगाळला, माणसांचे आवाज लांब गेले, नानांचेही डोळे जडावले.

मग मनगटाला काहीतरी ओलं लागलं. पिल्लू हळूच बाहेर आलं, हात हुंगला, चाटला, आणि त्यांच्याकडे पाठ करून त्याच हातावर डोकं टाकून झोपलं. दोन्ही डोळे मिटून.

"काका, भरीत वाढलं," हितेंद्रने हाक दिली. नाना जागचे हलले नाहीत. सुनंदाबाई ताट घेऊन आल्या, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि सगळ्या पंगतीसमोर खाली बसून नवऱ्याला घास भरवू लागल्या. भरिताच्या पार गाठी झाल्या होत्या. नानांनी हूं की चूं केलं नाही.

"काकू, मंग पिल्लू कव्हा नेऊ?"

"तुह्या काकाचा हात मोकया झाला का, मंग ने," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास उचलला.