मोठ्या लेकीची बॅग

आमचं घर नांदेडला, पण मोठी लेक दोन वर्षं क्लाससाठी लातूरला माझ्या मोठ्या दिरांकडे राहिली. तिची बारावी संपली म्हणून आम्ही चौघांनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर जायचं ठरवलं. गाडी लातूरहून होती, त्यामुळे बॅगा दिरांच्या घरीच भरायला घेतल्या.

धाकटी सहा वर्षांची. तिचं सोपं होतं: फ्रॉक, हवेची ट्यूब, उलटीच्या गोळ्या, बाहुली. मोठी सतराची. तिला जहाजावरच्या तलावात पोहायचं होतं. गुडघ्यापर्यंतचा निळा स्विमसूट तिनं स्वतः पसंत केला होता आणि मी तो तिच्या बॅगेत तळाशी ठेवला होता.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग सहसा अंगावरून उतरवत नाही. पाण्यात जुना दोरा तुटायला नको, म्हणून मी मोठीच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून घेतली, धुतलेल्या ताटलीत ठेवली आणि नवा दोरा शोधायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात धाकटीनं डबीला धक्का लागू नये म्हणून ती त्या मऊ निळ्या कपड्यात गुंडाळून बॅगेत खोल ठेवून दिली. हे मला नंतर कळलं.

दीर वाटेसाठी चिवड्याचा डबा घेऊन खोलीत आले. बॅगेत जागा करताना त्यांच्या हाताला तो कपडा लागला. मी परतले तेव्हा एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात स्विमसूट घेऊन ते उभे होते.

"कोणी ठेवलं हे?"

धाकटी पलंगामागे सरकली. मोठीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी, मोठे पप्पा."

पहिल्याच थपडेनं तिचा ओठ फुटला. "असल्या चिंधीत लिंग बांधून ठेवलीस? हेच शिकलीस का माझ्या घरात राहून?" त्यांनी तिला वेणीला धरून ओढलं. ती कपाटावर आदळली. खाली पडल्यावर पाठीत लाथ बसली. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. धाकटी किंचाळत होती, "मी ठेवलं! मी ठेवलं!" पण त्यांना ऐकू येत नव्हतं.

मुलींचे वडील रिक्षा आणायला गेले होते. मी दारातच उभी होते. आमच्या माहेरी पदवी घेतलेली मी पहिली. लग्नानंतर सगळे नको म्हणत असताना याच दिरांनी मला मोटारसायकलवर परीक्षेला नेलं, पेपर सुटेपर्यंत उन्हात बाहेर बसले. आज मी शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळे. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता.

त्यांनी डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि कमरेचा पट्टा सोडला. एक फटका तिच्या दंडावर बसला. दुसऱ्या फटक्याला मी मध्ये घुसले. पट्टा माझ्या मानेवर बसला. मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते मागे जाऊन खिडकीच्या कडेवर आपटले आणि त्यांच्या कानामागून रक्त आलं.

"माझ्यावर हात टाकलीस?" ते म्हणाले. "तुला मी शिकवलं गं!"

"हाव दादा, तुम्हीच शिकवलं," मी म्हणाले. "पुन्हा तिला हात लावला तर पुन्हा ढकलीन."

डबी त्यांनी खिशातून काढून पलंगावर ठेवली. आम्ही निघालो तेव्हा ते बाहेर आले नाहीत.

जहाजावर मोठी लेक पोहली. खूप वेळ पोहली. ती शिडीवरून वर आली तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी तिच्या दंडावरचा काळानिळा पट्टा पाहिला.

"पडली का हो पोरगी?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. हो म्हणायला किती सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिच्या काकांनी मारलं."