कमलबाईंच्या लढणाऱ्या पेशी

आमच्या हिंगोलीच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने रोजच्या रोज पुढच्या लॅबला जातात. किस्से मात्र माझ्यापाशीच साठतात! मी इथं लॅब टेक्निशियन. आमच्या डॉक्टर मॅडम गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा अभ्यास करतात.

आमच्या पहिल्या पेशंट जवळा बाजारच्या कमलबाई. पन्नाशीच्या, शेतात राबणाऱ्या. अंगावरून रक्त जात असताना लाजेपायी वर्षभर गप्प बसलेल्या. मॅडमनी संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. "तुमच्या लढणाऱ्या पेशी मोजायच्यात."

कमलबाईंनी हात पुढं केला. "मोजा. पण मोजून झाल्या की परत टाका बराबर. मला लढायचंय!"

*

मग घोळ मी घातला. त्यांच्या मालकांना फोनवर म्हणाले, "काका, सीडी फोर, सीडी एट बघायचंय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन हजर. आत पोरीच्या लग्नाच्या दोन सीड्या!

"चार आन् आठ नंबरची न्हाई सापडली, ताई. पर ह्याच्यात पंगत पुरी हाय."

अहो, ती पेशींच्या दोन प्रकारांची नावं! मॅडम हसून हसून खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या.

*

एकदा कमलबाईंचा नमुना घेऊन पुढच्या लॅबला निघालो आणि कनेरगाव नाक्याला जीप बंद पडली. या नमुन्याला गारवा चालत नाही, पेशी जिवंत पोचायला हव्यात. मी डबा धाब्यावर टेबलावर ठेवला आणि फोन करायला बाहेर गेले. परत येते तर डबा गायब! धाबेवाले भाऊ तो प्रेमानं कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवायला निघाले होते. मी ओरडतच धावले. डबा त्यांच्या हातातून ओढून घेतला.

पुढच्या भेटीत हे सांगितलं, तर कमलबाईंचा चेहरा उतरला. "थंडी वाजली असंल व्हय वो त्याईला?"

*

मॅडम समजावत होत्या, "काही पेशी रोगावर तुटून पडतात, काही त्यांना आवरतात. आवरणाऱ्याही लागतात, नाहीतर आपल्याच अंगाचं नुकसान होतं. पण त्या फार झाल्या की रोगाचं फावतं. तोल पाहिजे."

कमलबाई विचारात पडल्या. "म्हंजे चोर घरात शिरलाय, आन् निम्मे घरचेच म्हणून राहिले, जाऊ द्या, जाऊ द्या!"

मॅडमनी पेन उचललं. "पुढच्या लेक्चरला हेच सांगणार!"

*

उपचार संपले. काही महिन्यांनी तपासणीत गाठीचा मागमूस नाही, आणि पेशींचा तोलही सुधारलेला! मॅडम रिपोर्ट घेऊन व्हरांड्यातून अक्षरशः पळत आल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "अर्थात, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही."

"तुमचं न्हाई होत," कमलबाई म्हणाल्या, "माझं तर झालं!"

*

आणि जवळा बाजारचं तपासणी शिबिर! बाजाराचा दिवस, गर्दी उदंड, पण मंडपात मॅडम आणि मी दोघीच. अकरा वाजले, बारा वाजले, एक बाई फिरकेना. तेवढ्यात कमलबाई एका बाईला दंडाला धरून ओढत आणताना दिसल्या. ती त्यांची धाकटी जाऊ. बांधावरून भांडण झालेलं, सात वर्षं अबोला.

"हिला तपासा, मॅडम. अंगावरून जाऊन राहिलंय, पोरगी सांगत होती तिची. आमचं बोलणं न्हाई, नाहीतर मीच समजावलं असतं!"

जावेला तपासलं. पुढच्या तपासण्यांत कळलं, बदल अगदी सुरुवातीचे, कॅन्सर व्हायच्या आधीचे. छोट्याशा उपचारावर भागलं.

नंतरच्या तपासणीला दोघी आल्या. एकाच बाकावर बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. मी रिपोर्ट वाचला. सगळं नॉर्मल!

जावेनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ताई, तिला सांगा, मी बरी हाय."

कमलबाई समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "ताई, तिला सांगा, मला ऐकू येतं."