दादाची तिसरी ओळ

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. असले अनुभव कुणी सांगू लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते... म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

आमचं घर यवतमाळला, लोहाऱ्यात. बाबा एमआयडीसीतल्या डाळमिलमधून रिटायर झालेले. दादा फौजेत, सीमेवर. त्याला कवितांचा नाद. लिहून ठेवायचा नाही, फोनवर मला म्हणून दाखवायचा. बाबा चिडायचे. “कविता करून राह्यला का ड्यूटी?” आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

तिकडे गोळीबार सुरू झाला आणि दादाचे फोन बंद झाले. एका दुपारी बाबा आणि मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. बाबांचा हात मध्येच थांबला आणि ते म्हणू लागले... अगदी दादासारखं, थांबत थांबत —

पलीकडच्या खंदकात कोणी खोकलते रातभर,
त्याच्या मायले सांगा, गोधडी धाड लवकर.
आज तो खोकलत नाही, अन् मले झोप येत नाही.

“बाबा, तुम्ही कधीपासून कविता करता?” मी हसले.

“काय म्हटलं मी?” त्यांना काहीच आठवेना. मी ओळी म्हणून दाखवल्या तर घाबरले. “मले कायले येते कविता!”

दिवेलागणीला फोन आला. दादा त्याच दुपारी गेला होता.

बाबा रडले नाहीत. अंत्यविधीलाही नाही.

काही महिन्यांनी दादाचा मित्र संतोष भेटायला आला. साताऱ्याकडचा, त्याच्याच तुकडीतला. “त्या दिवशी सकाळी त्यानं नवीन कविता जुळवली होती, ताई. मला एकट्याला ऐकवली.” आणि त्यानं म्हटली — पलीकडच्या खंदकात कोणी खोकलते...

शब्दन् शब्द तेच. पण दुसऱ्या ओळीवर तो थांबला.

“पुढची?” मी विचारलं.

“पुढची सुचेना म्हणाला, आणि पहाऱ्यावर गेला.”

मग बाबांनी विचारलं, “बेटा, थो पलीकडचा... खोकलनारा?”

“त्या सकाळपासून तिकडून आवाज नाही आला, काका.”

आणि बाबा रडू लागले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “त्याच्या मायले कोणी फोन केला असन का रे?”

संतोषनं बाबांचा हात हातात घेतला.

मी योगायोग म्हणून पाहिलं, भास म्हणून पाहिलं. पहिल्या दोन ओळी दादाच्या, एवढं कळतं. तिसरी कुणाची... ते आजही मला सांगता येत नाही.